एकादशीला न तुटणारी लाइन

कृष्णवेणी सकाळी उठून देवाआधी एका वहीला हात लावते. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची वही. चौतीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. आधी ऑपरेटर, मग खात्याची परीक्षा देऊन टेक्निशियन. निवृत्तीच्या दिवशी तिला शाल मिळाली, दिवा मिळाला, आणि तिने स्वतः मागून घेतली ती बिघाड नोंदवायची कोरी वही. तारीख, वेळ, बिघाड, कारण, दुरुस्ती असे पाच रकाने. आता त्यात मिक्सर, पाण्याची मोटर आणि तिचा डावा गुडघा असतो.

मी तिची शेजारीण. राजवाड्यामागच्या गल्लीत आमच्या घरांची एक भिंत सामाईक आहे. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, तिने तारा जोडल्या, आणि आता दोघी सत्तरी ओलांडून बसलो आहोत. तिचा नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला. एकुलता मुलगा प्रणवेश चेन्नईत सॉफ्टवेअरमध्ये.

दोन वर्षांपूर्वी तिच्या डोक्यात आलं की पिढ्यान्पिढ्या इथे तमिळ मुलखात राहिलेल्या आपल्या मराठी लोकांची पोरं मराठी समजतात, मोडकंतोडकं बोलतात, पण देवनागरी पाहिली की "हे हिंदी आहे" म्हणतात. तिने क्लास काढला. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी सात ते साडेसात, टॅबवर. नऊ पोरं, कोणी कोइमतूरला, कोणी बंगळूरला. ती सहापासूनच वेणी घालून, पावडर लावून बसायची. मी हसले तर म्हणायची, "मास्तरीण आहे गे मी आता. तूच काय ती शिकलेली?"

गेल्या नवरात्रात प्रणवेश आला आणि नवा राउटर घेऊन आला. स्वस्तातला, पांढरा, दोन शिंगांचा. "अम्मा, तो जुना डबा फेक." दहा मिनिटांत स्वतःच्या फोनवरून त्याने सगळं लावून दिलं. मी म्हटलं, "काय गुणाचा पोरगा!" हे लिहून ठेवते, कारण आता मी असं म्हटलंच नव्हतं असं सांगायचा मोह होतो.

त्यानंतर क्लास तुटायला लागला. कधी सात वाजून पाच मिनिटांनी, कधी वीस. पोरं खिदळायची. कोइमतूरची जननी तर दुसऱ्या दिवशी नक्कल करून दाखवायची, "आजी, तू काल अशी तोंड उघडं ठेवून थांबलीस!" इंटरनेट कंपनीचा माणूस तीनदा आला. तिन्ही वेळा सकाळी. "लाइन सूपर, मा," म्हणून कापी पिऊन गेला. आमच्या गल्लीत मोबाइलचा सिग्नल उंबऱ्याबाहेरच मिळतो, आणि माझ्याकडे इंटरनेट नाही, मला नकोही आहे. म्हणजे दुसरी सोय नाही. नऊ पोरांची चार झाली. आयांचे गोड निरोप यायला लागले: तुम्ही उगीच त्रास घेऊ नका, अत्ते.

प्रणवेशचा रोज लँडलाइनवर फोन. "अम्मा, त्या जुन्या जाड भिंतींतून नेट जाणार कसं? इथे ये, इथून क्लास घे. शिवाय तुझंही काहीतरी चुकीचं दाबलं जात असेल. वय झालं की होतं." मलाही फोन. "मावशी, तुम्ही सांगा. तुमचं ऐकते ती."

मी सांगितलं. मी चांगलं दोन-तीनदा सांगितलं.

कृष्णवेणी स्वतःचीच बोटं बघत बसायची. ज्या बोटांनी तिने पुरात बुडालेल्या केबलचे हजार जोड लावले होते, ती बोटं आता नको ते दाबतात, असं तिला खरंच वाटायला लागलं. मार्गळी महिन्यात, संक्रांतीच्या आधी, तिने होकार दिला. पोंगल झालं की चेन्नई. घर भाड्याने द्यायचं. नवरात्रात मांडायच्या कोलूच्या बाहुल्यांच्या दोन पेट्या, सासूच्या सासूपासूनच्या, तिने ओरत्तनाडूच्या नातेवाइकांना देऊन टाकल्या.

मग एका सकाळी ती वही घेऊन आली.

"जया, हे बघ. चार एकादश्या क्लासच्या दिवशी आल्या. चारही दिवशी लाइन तुटली नाही."

"देवाची कृपा म्हण."

"चेष्टा पुरे. तारेला एकादशी कळत नाही. मी काय वेगळं करते त्या दिवशी?"

आम्ही दोघींनी मोजलं. रोज ती सकाळी टॅबवर गाणं ऐकते, मग बातम्या, मग दुपारी धड्याची तयारी. एकादशीला पारायण असतं, सातपर्यंत टॅबला हात नाही. म्हणजे आधी कमी वापरलं की नंतर लाइन टिकते.

"हा बिघाडच नव्हे," ती म्हणाली. "बिघाड इतका शिस्तीचा नसतो. त्या डब्यात काहीतरी घातलंय कंपनीने."

कंपनी! तिला तेव्हा तेवढंच सुचलं.

डब्याच्या आत त्याला चालवणारा प्रोग्राम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. कंपनीचा काढून तिथे दुसरा घालता येतो. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला, फुकट, आणि आत काय आहे ते कोणालाही वाचता येईल असा उघडा. हे तिने शोधून काढलं, आठवडाभर सूचना वाचल्या, वहीत उतरवल्या. मी भिंग घेऊन डब्याच्या बुडाचं लेबल वाचून दिलं. मॉडेल तेच असलं तरी व्हर्जन बघावं लागतं: तीनला हा प्रोग्राम चालतो, पाचमध्ये कंपनीने मेमरी कापलीय, तिथे मावत नाही. चुकीचा घातला तर डब्याची वीट होते, कायमचा बंद. आमचा तीन निघाला.

उतरवलेली फाइल धड आहे का हे ताडून बघायला चौसष्ट अक्षरांची ओळ जुळवायची होती. मी वाचायचं, तिने पेन्सिलीने टिंब द्यायचं.

"सात, एफ, सात, शून्य..."

"शून्य की ओ?"

"यात ओ नसतो असं तूच सांगितलंस ना?"

"परीक्षा घेत होते तुझी. वाच पुढे."

त्या महिन्याचा वीज बंद ठेवायचा दिवस होऊन गेला होता, म्हणजे मध्येच वीज जायची भीती नव्हती. लॅपटॉपला वायर जोडली. सूचनांत पहिलं वाक्य होतं: आधी राउटरच्या आत जाऊन सध्याच्या सेटिंगची प्रत काढून ठेवा. आत जायला पासवर्ड हवा. लेबलवरचा चालेना. प्रणवेशला विचारलं तर तो एकदम म्हणाला, "अम्मा, त्याला हात लावू नको, बंद पडेल."

तिने फोन ठेवला, थोडा विचार केला आणि स्वतःचा एक्स्चेंजमधला स्टाफ नंबर टाकला. शाळेत असताना पहिल्या ईमेलच्या पासवर्डसाठी प्रणवेशने तोच मागून घेतला होता.

उघडलं.

डाव्या बाजूला एक यादी होती. त्यात 'पालक नियंत्रण' असा भाग. त्यात एकच नाव: अम्मा. तिचा टॅब, तिचा लॅपटॉप. रोजची मर्यादा दोन तास. सुरुवातीची तारीख महानवमी.

मी दोनदा वाचलं. "हे लहान मुलांसाठी असतं ना?"

तिने वही ओढली, पहिल्या तुटलेल्या क्लासपासून शेवटच्यापर्यंत 'कारण'चा रकाना रिकामा होता, त्यात एकेका ओळीत लिहीत गेली. पानं उलटत गेली. माझी कापी निवली. माझा संताप होत होता, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच होता, कारण ते 'वय झालं' माझ्याही तोंडून निघालं होतं.

"चल," ती शेवटी म्हणाली. "प्रत काढलीय. फाइल चढवू."

"आता कशाला? ती मर्यादा काढली की झालं."

"काढलेली तो पुन्हा तिथून, फोनवरून लावेल."

तिने बटण दाबलं. डब्याचा दिवा वेड्यासारखा लुकलुकायला लागला. तीन मिनिटं कशालाही हात लावायचा नव्हता. ती हात पदराखाली घेऊन बसली. दिवा स्थिर झाला, पण वाय-फाय कुठे दिसेना. "झाली वीट," मी म्हटलं. तिने सूचना पुढे वाचल्या: या प्रोग्राममध्ये वाय-फाय सुरुवातीला बंद असतं, आपण सुरू करायचं. तिने केलं. जुनंच नाव ठेवलं, जुनाच वाय-फायचा पासवर्ड. फक्त आत जायचा नवा.

संध्याकाळचा क्लास साडेसातपर्यंत चालला. चार पोरं होती.

दुसऱ्या दिवशी प्रणवेशचा फोन. "अम्मा, राउटरवर लाल दिवा दिसतोय का?"

"का रे? तुला तिथून काय दिसलं?"

"नाही, सहज विचारलं."

मी समोर खुणा करत होते, बोल, बोल म्हणून. ती म्हणाली, "भोगीला येतोयस ना? ये." फोन ठेवून मला म्हणाली, "त्याने स्वतः सांगायला नको का? समोर आल्यावर सांगेल."

भोगीला तो सामान न्यायला मोठी गाडी घेऊन आला. जेवला. जेवता जेवता दोनदा फोन बघितला. मग पिशवीतून नवा खोका काढला. तसाच पांढरा, दोन शिंगांचा.

"अम्मा, तो जुना खराब झालाय. जायच्या दिवसापर्यंत हा लावून देतो."

कृष्णवेणीने खोका हातात घेतला, उलटा केला, चष्मा सरकवून बूड वाचलं.

"व्हर्जन पाच. यात माझा प्रोग्राम मावत नाही. परत कर."

"कसला प्रोग्राम?"

तिने वही त्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने पानं उलटली. देवनागरी. त्याला वाचता येत नाही. पण इंग्रजी आकड्यांतल्या तारखा वाचता येत होत्या, आणि वेळाही.

"काय लिहिलंय, अम्मा?" असं त्याने विचारलं, पण चेहऱ्यावरून कळलं होतं. मग बोलायला लागला. "काळजी वाटायची. दिवसभर स्क्रीन... कोणी फसवलं असतं... आणि तू अशी तर कधी आली नसतीस तिथे."

"काळजी होती तर विचारायचं होतंस. तू मला म्हातारी ठरवलंस, ते एक. पण मी खरं मानलं रे. तीन महिने मी माझ्याच हातांना शिव्या दिल्या."

"मावशी, तुम्ही तरी..."

"मला मध्ये घेऊ नकोस," मी म्हटलं. "एकदा घेतलंस तेवढं पुरे."

तेवढ्यात सातला दहा कमी झाले. ती वेणी सारखी करायला आत गेली. क्लास होईपर्यंत तो बाहेर तिण्णैवर, दाराजवळच्या ओट्यावर बसला होता, आतून जननीचं 'क, का, कि, की' ऐकू येत होतं.

पोंगल करून तो रिकामी गाडी घेऊन गेला. बाहुल्या ओरत्तनाडूहून तिने परत मागितल्या नाहीत. दिलेलं कसं मागायचं, म्हणते. पोरं आता सहा झाली आहेत.

तो रोज फोन करतो. ती उचलते. जेवलीस का, जेवले. गुडघा कसा, आहे. सातला पाच कमी असले की ठेवते.