एंटर ते टक्

फ्रेमवाल्यानं शनिवारपर्यंत मुदत दिली होती. आत्याचे डोळे सरळ करायचे का आहेत तसेच ठेवायचे, एवढंच मला सांगायचं होतं, आणि मला ते सांगता येत न्हवतं.

थांबा, नीट सांगते. माझी बोटं माझ्या आधी पळतात. आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. माझ्या जन्माआधीपासून आमच्याच घरी, मुरूमला. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं शिलाई मशीन, आणि गावातल्या निम्म्या बायकांची मापं तिच्या डोक्यात. तोंडावर मी तिला तुम्हीच म्हणायचे, मागं मात्र ती. तिला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होतंय. वर्षश्राद्धाला भिंतीवर फोटो लागणार. माझ्याकडं तिचे चाळीसच्या वर फोटो आहेत, मोठे, नुसता चेहरा असलेले, आणि एकाही फोटोत ती समोर बघत न्हाय. सगळ्यात डावीकडं बघते. उमरग्याचा फ्रेमवाला म्हणाला, त्यात काय, काँप्युटरवर डोळे सरळ करून मिळतात, दहा मिनिटांचं काम.

ती डावीकडं का बघते हे त्याला सांगायला गेले तर दुकानात रांग लागली असती. इथं सांगते.

तीन वर्षांपूर्वी मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. उमरग्यातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला. त्या स्टुडिओवाल्याच्या बायकोचे ब्लाऊज आत्या शिवायची. ती तयार ब्लाऊज द्यायला गेली तर तिथं भंगाराचा ढीग पडलेला. त्यांना विचारून तिनं त्यातला एक डिजिटल कॅमेरा पिशवीत टाकून आणला. अगदी पहिल्या-पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यांतला, माझ्यापेक्षाबी म्हातारा, विटेएवढा जाड. त्याला एक लांब काळी वायर होती, आणि वायर असलेली कुठलीही वस्तू आत्याच्या मते माझ्याच कामाची.

"घे," म्हणाली, "तुझ्या काँप्युटरचं पिल्लू दिसतंय."

पिल्लू मेलेलं होतं. मागची स्क्रीन काळी, फोटो काढायचं बटण आत जाऊन बसलेलं, वर यायचं नाव न्हाय. पप्पांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, पाण्यातल्या मोटारी जळल्या की सगळे त्यांच्याकडंच येतात. त्यांनी खोलून बघितलं, बटणाखालची पट्टी तुटलीय म्हणाले आणि स्क्रू परत लावून टाकले. पण मी नेटवर शोधत बसले आणि कुणाच्या तरी लई जुन्या पानावर सापडलं की या कॅमेऱ्याला बटण लागतच न्हाय. वायर काँप्युटरला जोडायची, काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, एंटर मारायचा. कॅमेरा ऐकतो. त्यासाठी फुकटचा प्रोग्रामपण होता. मी खुर्चीतून उठून घरभर हेच सांगत फिरले. कुणाला काही कळलं न्हाय, पण आत्या म्हणाली, असं व्हय, बरं झालं.

ऐकतो म्हणजे लगेच ऐकला न्हाय. त्या वायरला नऊ टाचण्यांचा प्लग, माझ्या लॅपटॉपला तसलं भोकच न्हाय. मग दुकानातला जुना काँप्युटर धुळीतून काढून घरी आणला. कॅमेऱ्याला चार सेल लागायचे आणि दहा मिनिटांत बसायचे, मग पप्पांनी एका ट्रान्सफॉर्मरवरून त्याला करंट दिला. तरी आठवडाभर काळी खिडकी एकच सांगत होती, कॅमेरा सापडत न्हाय. एका दुपारी मी वायर काढून शेजारच्या भोकात लावली आणि टाइप केलं, तुझ्याकडं फोटो किती आहेत. उत्तर आलं, शून्य. कुठलंही शून्य बघून एवढा आनंद मला परत झाला न्हाय. शून्य म्हणजे तो बोलत होता की.

लगेच फोटो काढायची ओळ टाइप केली. कॅमेरा तेव्हा मशीनवर, आत्याच्या कापडांच्या ढिगात उताणा पडलेला. काहीच झालं न्हाय. मी डोक्याला हात लावला, आणि तेवढ्यात ढिगातून आवाज आला, टक्. आत्यानं मशीनवरचा पाय काढला.

"बया, कुणी हात न लावता?"

पहिला फोटो आमच्या पंख्याचा आहे. अजून ठेवलाय.

ती ओळ लई लांब होती, दरवेळी टाइप करताना चुकायची. म्हणून मी तिला छोटं नाव दिलं. एच, ए, एस. हस. तेवढं टाइप केलं की फोटो. आत्या सातवी शिकलेली. माझ्या खांद्यावरून वाकून तिनं एकेक अक्षर जुळवलं.

"हस? मला हस म्हणतीस व्हय गं?"

मी म्हणाले, तुम्हाला न्हाय, कॅमेऱ्याला.

"फोटो माझा निघणार, आन् हस त्याला? मोठ्या माणसाला हसा म्हणत्यात."

तिच्यासमोर जुनं नाव पुसून नवीन टाकायला लागलं. एच, ए, एस, ए. कमांडला अहो-जाहो करणारी मुलगी अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात मी एकटीच असेन. कॉलेजात सांगितलं तर सगळे हसले, आणि नंतर दोघांनी आपापल्या काँप्युटरवर तेच नाव टाकलं.

आता मेन गोष्ट. आत्याला फोटोची आवड लई, पण मोबाइल तोंडासमोर धरला की पदर तोंडावर. लग्नाकार्यातल्या सगळ्या फोटोंत ती म्हणजे एक पदर आणि दोन बांगड्या. या कॅमेऱ्यामागं मात्र कुणाचं तोंडच नसायचं. इस्त्रीच्या टेबलावर तांब्याच्या तारेचं रिकामं रीळ, रिळावर कॅमेरा, समोर भिंतीला लागून तिचं स्टूल. काँप्युटर आणि मी बाजूला, कारण प्लग त्याच कोपऱ्यात. ती नीट बसायची, पदर सारखा करायची, कॅमेऱ्याकडं बघायची.

"हं. मार तुझा एंटर."

मी मारायचे. आणि काहीच व्हायचं न्हाय. कमांड वायरमधून जाणार, कॅमेरा जागा होणार, त्याच्या म्हाताऱ्या डोक्यात विचार करणार, कधी दोन सेकंद, कधी चार. आत्याला तेवढा दम कुठला. ती मान वळवून माझ्याकडं बघायची.

"झालं का?"

टक्.

दरवेळी. दरवेळी म्हणजे दरवेळी. सगळे फोटो त्या 'झा'वर निघालेत, ओठ अर्धे उघडे, भुवया वर, डोळे माझ्याकडं.

मी काय-काय करून बघितलं. मनात पाचपर्यंत मोजा म्हणाले, तर ती मोठ्यानं मोजायची आणि तीनला माझ्याकडं बघून विचारायची, चार म्हणू का? मग मी तिच्याच पाकिटातली लाल टिकली कॅमेऱ्याच्या काचेच्या वरच्या अंगाला चिकटवली आणि म्हणाले, फक्त टिकलीकडं बघा. एंटर मारला. ती बघत राहिली, बघत राहिली, मी श्वास धरला, आणि ती उठून कॅमेऱ्याकडं गेली. टिकली वाकडी लागलीय म्हणाली. त्या फोटोत नुसता ब्लाऊज आहे. शिलाई मात्र एकदम सरळ.

फोटो निघाला तरी लगेच दिसायचा न्हाय. त्या वायरमधून तो मुंगीच्या चालीनं यायचा आणि काळ्या खिडकीत टक्के चढत जायचे. आत्या स्टुलावरून विचारायची, म्या किती टक्के आले? मी सांगायचे, साठ. मग ती म्हणायची, चाळीस बाहेरच हाय व्हय अजून, थांब, चहा ठिवते. चहा होईपर्यंत ती शंभर टक्के आलेली असायची. आम्ही दोघी कप घेऊन बघायचो, ती परत डावीकडंच. ती हसायची आणि दुसरा काढायला बसायची. चाळीसच्या वर फोटो असेच झाले. एका रविवारी एकच फोटो, जास्तीत जास्त दोन.

"ह्यो भिंतीला लावला तर लोक म्हणतील, बया दाराकडं बघत बसलीय," ती एकदा म्हणाली. "एक तरी सरळ काढ की."

मी म्हणाले, पुढच्या रविवारी नक्की.

ती गेली तेव्हा मी नोकरीच्या परीक्षेला लातूरला होते. त्याबद्दल मी काही लिहीत न्हाय. आल्यावर काँप्युटरवर कापड टाकलं ते टाकलंच. मशीनवर आईनं टाकलं. मला फोटोंची आठवण येते असं न्हाय, फोटो आहेतच, कधीही उघडता येतात. मला ते मधले सेकंद पाहिजेत, एंटर मारल्यावर आणि टक् व्हायच्या आधीचे. मोबाइलवर बोट लावलं की फोटो निघतो. मधे माणसाला मान वळवायला जागाच न्हाय.

तर फ्रेमवाला. त्यानं मंगळवारी डोळे सरळ केलेला नमुना मोबाइलवर पाठवला. चांगला होता, हीच पंचाईत. वाईट असता तर नको म्हणून मोकळी झाले असते. ओठपण मिटवलेत त्यानं. आत्या एकदम सरळ बघते, शांत, कुणाच्याही भिंतीवर शोभेल अशी. पण ती कुणालाच काही विचारत न्हाय.

पप्पांना दाखवला. ते म्हणाले, ह्योच लावू. भिंतीवरच्या माणसानं येणाऱ्याकडं बघावं. आणि वर हेपण म्हणाले की तिलाच सरळ फोटो पाहिजे होता, तू आठव. ते खरं होतं. म्हणून तर मला सांगता येत न्हवतं. तिनं मागितलेली एकच गोष्ट आता दहा मिनिटांत मिळत होती आणि मी आडवी आले होते.

काल शुक्रवार. सगळे फोटो परत एकदा बघावेत, एखादा तरी थोडा सरळ असेल, म्हणून मी काँप्युटरवरचं कापड काढलं. न्हाय, एकही न्हाय. मला नोकरीच्या फॉर्मला फोटो लागत होता. मोबाइलवर दोन मिनिटांत झाला असता. पण काँप्युटर चालू झालाच होता. रीळ टेबलावर ठेवलं, वर कॅमेरा, वायर लावली. टिकली अजून काचेच्या वर तशीच. खोलीत मी एकटीच, मग स्वतःला हसा कसं म्हणायचं. एच, ए, एस टाइप केलं. काळी खिडकी म्हणाली, अशी कुठलीच कमांड न्हाय. खरंच की, मीच पुसली होती, तिच्यासमोर.

मग हसा टाइप केलं, आधी दहा सेकंद थांबायला सांगितलं, एंटर मारला आणि पळत जाऊन तिच्या स्टुलावर बसले. टिकलीकडं बघितलं. दहा झाले. काही न्हाय. अकरा. बारा. वायर निघाली का काय म्हणून मी काँप्युटरकडं बघितलं.

टक्.

शंभर टक्के यायला चहाएवढा वेळ लागला. चहा केला न्हाय, बसून राहिले. फोटो उघडला तर मी डावीकडं बघत होते, ओठ अर्धे उघडे, भुवया वर. मी बघत होते ती काँप्युटरपुढची खुर्ची तेव्हा रिकामी. माझा चेहरा आत्यावर गेलाय असं लोक म्हणायचे, मला कधी पटायचं न्हाय.

पप्पा जेवायला आले तेव्हा मी दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावून ठेवले होते. एकात ती, एकात मी, मागं तीच भिंत. ते उभ्यानंच बघत राहिले.

"ही कुणाकडं बघायलीय?" त्यांनी आत्याच्या फोटोला बोट लावून विचारलं.

"माझ्याकडं."

"आन् तू?"

मी खुर्ची दाखवली.

पप्पा हात धुवून आले, जेवायला बसायच्या ऐवजी त्या खुर्चीत बसले. तारा गुंडाळून जाड झालेली त्यांची बोटं, एका वेळी चार बटणं दाबतील अशी. म्हणाले, त्या फ्रेमवाल्याला सांग, हात लावू नको. मग म्हणाले, तुझा फॉर्म राहिलाय न्हवं, जा, बस, काय लिहायचं ते सांग.

मी स्टुलावरून एकेक अक्षर सांगितलं. एच. ए. एस. ए. प्रत्येक अक्षर शोधायला त्यांना वेळ लागला. मग एंटर. मी टिकलीकडं बघत होते, या वेळी न्हाय म्हणजे न्हायच वळायचं. खोलीत काही वाजलं न्हाय. दोन सेकंद, तीन सेकंद.

"झालं का?" पप्पा म्हणाले. तीच ओढ, 'झा' लांबवलेला. ते तिचेच भाऊ आहेत, हे मी विसरलेच होते.

टक् झालं तेव्हा मी कुठं बघत होते ते सांगायला नको. फॉर्मचा फोटो मी संध्याकाळी मोबाइलवर काढला.