वखारीचा चौथरा

आमच्या ह्यांनी उभी हयात जहाजावर इंजिनं सांभाळण्यात घालवली. रिटायर होऊन घरी आले ते माझं स्वयंपाकघर सांभाळायला. मोहरीचा डबा हळदीच्या डावीकडे का, गॅस इतका मोठा कशाला, मासळी आधी धुवायची की आधी चिरायची, सगळ्यात नाक. शेवटी मी हात जोडले. म्हटलं, "जहाज चालवलंत तेवढं पुरे, आता मला चालवू नका." दुसऱ्या दिवसापासून ते दुपारचा चहा झाला की बंदरावर जाऊन बसू लागले आणि आमचा संसार वाचला.

बंदरावर म्हणजे जुन्या वखारीच्या चौथऱ्यावर. गलबतांच्या काळात तिथे माल उतरायचा. नंतर तिथे कोणीच उतरलं नाही, वडाचं रोप सोडून. त्याने भिंतीत ठाण मांडलं होतं, कौलं अर्धी खाली आली होती. पण चिऱ्याचा चौथरा मजबूत, आणि गावात खाडीचं मुख नीट दिसतं ते तेवढ्याच जागेवरून. ह्यांच्यासारखे आणखी दोघे जुने जहाजी यायचे, आणि चौथे आमचे गावकर, जे गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालतात. मुखातून आत येणाऱ्या प्रत्येक होडीला नावं ठेवणं, हा चौघांचा उद्योग. घरी परतताना मात्र स्वारी खूश असायची.

वखार पडायला आली, ती वाचवलीच पाहिजे, हे खूळ ह्यांच्याच डोक्यातलं. अर्ज, हेलपाटे, फोटो, सगळं केलं. आणि नवल म्हणजे कोणीतरी ऐकलं! मुंबईहून एक आर्किटेक्ट बाई आल्या, भिंतीवर हात ठेवून "किती ऑथेंटिक आहे हो!" म्हणाल्या. आम्हाला वाटलं, ओल लागली असेल. पण काम चोख झालं. सिमेंट नाही, चुना. पत्रा नाही, कौलं. आत गणपतीपुळ्याहून पुढे येणाऱ्या पर्यटकांसाठी कॅफे आणि वर राहायच्या खोल्या. हे रोज कामावर देखरेखीला. बिनपगारी असल्यामुळे फारच कडक.

उद्घाटनाआधी राखणदाराला, म्हणजे त्या जागेची राखण करणाऱ्या देवाला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ठरलं. तसं केल्याशिवाय आमच्याकडे गोठासुद्धा बांधत नाहीत. कंत्राटदाराने गावकरांना बाजूला घेऊन सांगितलं, चुना ताजा आहे, लोकांना जरा समज द्या. गावकर उभे राहिले, डोळे मिटले आणि त्यांना सूर लागला.

"बा देवा म्हाराजा, ही वास्तू आज नवी झाली, तिका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव.

"हयसर कोणी जाळी सुकत घालता नये, पान खाऊन थुंकता नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि आजपासून गावातल्या कोणी ह्या चौथऱ्यावर बसता नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला व्हय म्हणताना कोणी विचार करत नाही. तोंड आपोआप उघडतं. ह्यांचा आवाज इंजिनच्या खोलीत तयार झालेला, त्यामुळे सगळ्यांच्या वर. नारळ फुटला, प्रसाद वाटला गेला, आणि त्यानंतर कुठे चौघांनी एकमेकांची तोंडं पाहिली.

मी गावकरांना गाठलं. म्हटलं, "चुना सुकेपर्यंत, असं तरी म्हणायचं होतंत." ते म्हणाले, "अगो वहिनी, सुरात होतो मी. पन देवाक दिलेलो सबूद फिरवायचो कसो? मीपन बसत नाय आता."

खरी गंमत पुढेच. कॅफेचा मॅनेजर एक दिवस घरी आला. अदबीने म्हणाला, "काका, तुम्ही चौघं पूर्वीसारखे चौथऱ्यावर येऊन बसा ना. पाहुण्यांना आवडेल. चहा आमच्याकडून." म्हणजे ज्यांनी इमारत वाचवली, त्यांना शोभेसाठी बोलावणं! मी मनातून चिडले, तरी वाटलं, बसू दे, बसायला तर मिळेल. हे म्हणाले, "नाय जमणार. शब्द दिलाय." आणि मोहरीचा डबा उजवीकडे सरकवला.

आता रोज चहा झाला की हे जातातच. चौघेही जातात. चौथऱ्यावर शहरातली माणसं पाय पसरून कॉफी पितात, आणि हे चौघे खाली, चिऱ्यावर एक हात टेकून, खाडीच्या मुखाकडे बघत उभे. मॅनेजर खुर्च्या आणून देतो. पण खाली खुर्चीत बसलं की धक्क्याचा कठडा आड येतो, मुख दिसत नाही.

परवा मी पायांना तेल लावून देत होते. गुडघे सुजलेले. विचारलं, "इतकं दुखतं तर जाता कशाला?"

"घरी बसून काय करू गो?" एवढंच म्हणाले. मला रडूच आलं. बारा महिने आमची गाऱ्हाणी ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्या देवाने ते एकच इतकं मनावर का घ्यावं?