पदराच्या गाठीतले तीन फ्यूज

मोटर नुसती हूं हूं करे, फिरे ना. मालेगावातल्या माह्या दुकानातला लोखंड कातायचा लेथ त्या दुपारी असा अडून बसला, अन् समोर मेडशीचा एक शेतकरी थ्रेशरचा शाफ्ट मांडीवर घेऊन बसलेला. घासला तिथं वेल्डिंग भरून आणला होता, मले तो फक्त लेथवर मापात उतरवून द्यायचा होता. त्याचं सोयाबीन सोंगून वावरात पडलेलं, वर आभाळ. "आज होईन ना?" त्यानं तिसऱ्यांदा विचारलं.

"होते म्हटलं ना! कितीदा सांगू?"

त्याच्यावर काहून खेकसलो ते मले ठाऊक होतं. सकाळीच पुण्याहून पोराचा फोन आला होता. "बाबा, करंटच्या कामात एकट्यानं हात घालू नका. दुकान काढून टाका." मी म्हटलं, "मले एकट्याले सारं जमते." दुकान गेलं तर मी घरी बसून करू काय? भिंतीशी बोलू?

बायको जाऊन तवा वर्ष झालं होतं. वायरिंगचं काम निघालं की मी मेन स्विच पाडून चिनीमातीचे तिन्ही फ्यूज काढायचो अन् तिच्या हाती द्यायचो. ती ते पदराच्या टोकाले बांधून स्टुलावर बसे. येणाऱ्याजाणाऱ्याचा काय भरवसा, कोणी स्विच टाकला तर? मी "दे वं" म्हटल्याशिवाय गाठ सुटत नसे. देताना मोजे, एक, दोन, तीन. मी चिडायचो, "मले मोजता येत नाही काय?"

"येते. पन ध्यान कुठी राह्यते तुमचं?"

त्या दिवशी मी फ्यूज खिशांत कोंबले अन् स्टार्टर खोलला. एक वायर जळून काळी पडली होती. तेवढी कापली, सोलली, स्क्रू आवळला. अन् सवयीनं मागं हात करून म्हटलं, "दे वं."

हात तसाच राहिला. शेतकऱ्यानं पाहिलं अन् मान खाली घातली. मले रडू आलं, अन् त्याच्याहून जास्त राग आला.

"मी काही धरू काय?" तो हळूच म्हणाला.

"तुमी गप बसा!"

बोर्ड मशीनच्या मागं, अंधारात. चाचपत फ्यूज बसवले, स्विच टाकला, बटन दाबलं. पुन्हा तेच, हूं हूं.

मंग मोटरच बिघडली असं धरून बसलो. नुसता मेन स्विच पाडून मोटरचं झाकण उघडलं. एकेक जोडणी तपासली, सारं ठीक. घंटाभर गेला, बाहेर गडगडाले लागलं. घामानं चष्मा घसरून राह्यला होता, तो पुसाले शर्टाच्या खिशातून रुमाल ओढला, तर त्याच्यासंगं तिसरा फ्यूज टनकन खाली पडला. मी दोनच बसवले होते. मोटरले तीन फेजचा करंट लागते, तिसरा भेटतच नव्हता.

मी मटकन तिच्या स्टुलावर बसलो. वर्षभरात पहिल्यांदा.

मंग उठलो, बोर्डावरचे दोन काढले अन् तिन्ही फ्यूज शेतकऱ्याच्या हाती दिले. मोटरचं झाकण लावलं, मागं हात केला. "द्या भाऊ. मोजून द्या."

"तीनच त हायेत!"

"तरी मोजा ना, बाप्पा."

"एक," तो लाजत म्हणाला. "दोन. तीन."

मोटर फिरली. दिवस मावळायच्या आत शाफ्ट मोटारसायकलले बांधून तो गेला, अन् दुकानात मी अन् स्टूल उरलो.

शटर ओढताना पोराचा फोन आला. "झालं काय आजचं काम, बाबा?"

"झालं."

"एकट्यानंच?"

"नाही रे," मी म्हटलं. "एकट्याले नाही जमलं."