लिंबाखालची गाडी

समजा, तुम्हाला एक गाडी विकायची आहे. साधी जीप किंवा टेम्पो नाही. मागच्या भागात दोघांना झोपता येईल अशी फळी, फळीखाली पाण्याची टाकी, दाराजवळ दोन शेगड्या, छतावर सोलरची प्लेट आणि चारही चाकांना इंजिनाची ताकद. या गाडीतून तुम्ही बर्फ पाहिलाय, वाळवंट पाहिलंय. आता ती रिकामी करायची आहे. मिठाची बरणी काढा. खिळ्याला अडकवलेला टॉवेल काढा. फळीखाली हात घाला, तिथं एक चप्पल सापडेल, एकच. दुसरी कुठं राहिली हे आठवत तुम्ही बराच वेळ तिथंच बसाल. मग उठून गाडी धुवा, चांगल्या बाजूनं फोटो काढा आणि येणाऱ्या माणसाला हसून सांगा, "या, बघा."

घनसावंगीच्या धुळाजींना हे काम वर्षभर जमलं नाही.

धुळाजी एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. घर मेंढपाळांचं. पाऊस सरला की वडील मेंढ्या घेऊन निघायचे ते उन्हाळा संपता परत यायचे. धुळाजींच्या पत्नी जयवंताबाई यांचं माहेरही तसंच. लहानपणी त्यांना घोडीच्या पाठीवर भांडी आणि कोंबड्यांच्या मधोमध बांधून बसवत. धुळाजींना नोकरी लागली, दोन पक्क्या खोल्या झाल्या, तेव्हा जयवंताबाईंच्या आईनं हे स्थळ पसंत केलं. मुलाचा रंग, शिक्षण तिनं काही विचारलं नाही. घराला दार आहे का, आणि त्याला आतून कडी लागते का, एवढंच विचारलं.

निवृत्तीनंतर धुळाजींनी लष्कराच्या लिलावात निघालेली एक जुनी अँब्युलन्स आणली. इंजिन उतरवलं, पुन्हा चढवलं. जालन्यात मस्तगडच्या दुकानातून फोम आणि कापड आणून गादी शिवून घेतली. प्लायवूड स्वतः कापलं. पुढच्या बंपरवर विंच बसवला. विंच म्हणजे मोटरीवर फिरणारा रहाट. त्याच्या दोरीचं टोक झाडाला बांधायचं आणि मोटर चालू करायची, की चिखलात रुतलेली गाडी स्वतःच स्वतःला ओढून बाहेर काढते.

शेजारचे काकासाहेब रोज संध्याकाळी येऊन हे काम बघायचे.

"बापानं घोडी हाकली, अन् तू आता डिझेलची घोडी हाकतो," ते म्हणायचे. "मंग हे घर कशाला बांधलं रे? उंदरायला?"

"तुमाला चाव्या देऊन जातो. उंदरं सांभाळा."

आणि खरंच चाव्या देऊन दोघं निघाले. कच्छ, स्पिती, लडाख, एका वर्षी थेट तवांग. अशी सात वर्षं. दरवर्षी कापूस वेचून झाला की गाडी अंगणातल्या लिंबाखालून बाहेर पडायची. मुलगी रेणू परतूरला शिक्षिका आहे, ती शाळेतल्या नकाशावर आईबाप कुठं पोचले ते पोरांना दाखवायची. कच्छच्या रणात धुळाजींनी पत्नीला गाडी शिकवली. "धडकायला काहीच नव्हतं तिथं," ते सांगतात, "तरी घाबरून राह्यली होती. नंतर मात्र मला बाजूला बसवायला लागली."

गेल्या वर्षी कच्छहूनच परतताना जयवंताबाईंनी एका ढाब्यावर चहा घेतला, गाडीच्या पायरीपाशी आल्या आणि पाय उचलला. म्हणजे उचलायला गेल्या. डावा पाय उचलला गेला नाही. मग डावा हातही खाली आला. दवाखाना गाठला, जीव वाचला. डॉक्टरांनी घरी जाताना सांगितलं, की काठी घेऊन घरात चालतील, पण चढण्याउतरण्याची आशा धरू नका.

धुळाजींनी आशा धरली. पायरी फार उंच आहे, एवढाच दोष आहे, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी पायरी खाली आणली. मग तिच्याखाली आणखी एक जोडली. दाराला दोन्ही बाजूंनी पाइपाच्या मुठी वेल्ड केल्या. शेवटी लोखंडी उतारच बनवला, त्यावर घसरू नये म्हणून जुन्या टायरचं रबर चिकटवलं. जयवंताबाई एकदा त्या उतारावर चढून बघायला आल्या. मध्यावर थांबल्या, मान हलवली आणि रेणूच्या खांद्याला धरून मागं फिरल्या. त्या दिवसापासून त्या गाडीकडं गेल्या नाहीत. दिवसभर दारात खुर्ची टाकून बसत. व्यायामाला न्यायचं म्हटलं की म्हणत, "चालून जायचं कुठं? समोर तर गाडी उभी."

दर रविवारी धुळाजी इंजिन चालू करून ठेवत, बॅटरी उतरू नये म्हणून. गाडी उभी आहे तोवर बायको कधीतरी चढेल, असं त्यांच्या मनानं धरलं होतं. ती विकायची म्हणजे बायकोला तोंडावर सांगायचं, की आता तू चढणार नाहीस. ते त्यांच्यानं होत नव्हतं.

मग एक दिवस फोन आला.

"गाडी विकायचीय ना? मोबाइलवर जाहिरात बघितली."

धुळाजींनी रेणूकडं बघितलं. रेणूनं मान खाली घातली. "मायनंच सांगितलं टाकायला, दादा. तुमाला सांगू नको म्हणली."

जयवंताबाई खुर्चीतून शांतपणे म्हणाल्या, "चालणारं जनावर बांधून मारायचं न्हाई. इका."

लोक यायला लागले. एकाला त्यात चहाची टपरी घालायची होती, एकाला वरातीत नवरदेव बसवायचा होता, एकाला मुरूम वाहायचा होता. धुळाजी प्रत्येकाला आधी गाडीचे दोष सांगत. डिझेल लई पिती. पुढच्या एक्सलमध्ये आवाज हाये. पत्र्याला खालून गंज धरला. लोक चहा पिऊन निघून जात.

"धुळाजी," काकासाहेब भिंतीवरून म्हणाले, "तू गाडी इकून राह्यला का पोलिसात तिची तक्रार देऊन राह्यला?"

पोळ्यानंतर अर्पिता आली. परतूरकडच्या शेतकरी घरातली, जालन्यात भूजल सर्वेक्षणाचं काम करणारी, तिशीतली मुलगी. नोकरीतून वर्षभराची सुट्टी घेऊन तिला हिमालयात फिरायचं होतं. धुळाजींनी दोष सांगायला सुरुवात केली. ती ऐकत ऐकत गाडीखाली शिरली, टॉर्च मारला आणि आतून म्हणाली, "काका, गंज तर वरवरचा आहे. खरवडून रंग मारला की झालं."

"एकटी जाणार?"

"हो."

"बाईमाणसानं एकटीनं ही गाडी…"

दारातून आवाज आला, "का? मी काय बाप्या होते का चालवताना?"

अर्पिता हसली. धुळाजी हसले नाहीत. ते तिला घेऊन गोदावरीच्या काठी गेले. तिथं पाण्यापासून वर वाळूचा मोठा पट्टा आहे, ट्रॅक्टरसुद्धा रुततो. त्यांनी मुद्दाम गाडी त्या वाळूत नेऊन उभी केली आणि म्हणाले, "आता काढा बाहेर."

या जुन्या गाड्यांत एक गोम असते. पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावर एकेक खटका असतो. तो खाली उतरून हातानं फिरवल्याशिवाय आत कितीही दांडे ओढा, पुढची चाकं इंजिनाचं ऐकत नाहीत. नवीन माणूस हे हमखास विसरतो, मागची चाकं जागीच गरगर फिरवतो आणि गाडी पोटापर्यंत वाळूत घालतो. धुळाजी त्याचीच वाट बघत होते. ती विसरली असती तर तिला नाही म्हणायला त्यांना कारण मिळालं असतं.

अर्पिता स्टिअरिंगवर बसली. आरसा नीट केला. किल्ली लावली. मग किल्ली तशीच सोडून खाली उतरली, वाळूत गुडघे टेकून आधी उजवा खटका फिरवला, वळसा घालून डावा फिरवला. हात पँटला पुसत परत बसली. गाडी पहिल्या गिअरमध्ये, कसलाही आवाज न वाढवता, म्हशीसारखी सावकाश वाळूतून वर आली.

घरी पोचल्यावर धुळाजी म्हणाले, "कधी नेता?"

न्यायचा दिवस ठरला. त्या सकाळी अर्पिता आली तेव्हा गाडी धुऊन तयार होती. तिनं एक फेरी मारली आणि पुढच्या बंपरपाशी थांबली.

"काका, विंचवर दोरी नाही."

विंचचा रहाट रिकामा होता. दोरी गुंडाळी करून ओसरीतल्या खुंटीला टांगलेली होती.

धुळाजी खाकरले. "ती म्या काढून ठेवली. फसवायचं न्हवतं मनात. दुसऱ्या दोरीचा खर्चा म्या देतो. पण…"

पुढं सांगायची गरज पडली नाही. अर्पिता खुंटीकडं बघून म्हणाली, "दावं?"

"हां. दावं."

आपल्याकडं बैल विकला, म्हैस विकली, तरी तिचं दावं विकत घेणाऱ्याला देत नाहीत. जनावर जातं, दावं घरात राहतं. त्या दाव्याला पुन्हा दुसरं जनावर येऊन बांधलं जातं आणि दावण मोकळी राहत नाही, अशी समजूत आहे. धुळाजींच्या वडिलांनी म्हातारी घोडी विकली तेव्हाही दावं असंच काढून घेतलं होतं. गाडीला बांधायची दोरी एकच, विंचची. ती धुळाजींनी ठेवून घेतली होती.

"माझे आजोबापण देत नव्हते," अर्पिता म्हणाली. "राहू द्या काका. मी दुसरी घेईन. तुम्हाला पुन्हा गाडी येऊ दे."

धुळाजींचा चेहरा सैल झाला. त्यांनी दारात बसलेल्या बायकोकडं बघितलं. त्यांना वाटलं होतं, तीही हसेल.

जयवंताबाई म्हणाल्या, "द्या ती दोरी तिला."

"अगं, दावण मोकळी…"

"मोकळीच ऱ्हाऊ द्या."

"जयवंते, दावं दिलं की पुन्हा…"

"कळतंय मला. मेंढक्याचीच लेक हाये मी. द्या म्हणते ना! डोंगरात रुतली पोरगी तर दाव्याला काय पुजायचं?"

धुळाजींनी खुंटीवरची दोरी काढली.

विंचची दोरी नुसती गुंडाळून चालत नाही. ती ताणाखाली गुंडाळावी लागते, नाहीतर वरचे वेढे खालच्यात रुतून ऐनवेळी अडकतात. म्हणून धुळाजींनी गाडी लिंबापासून लांब मागं घेतली, दोरीचं एक टोक रहाटात पक्कं केलं, दोरी पूर्ण लांबवर नेली आणि दुसरं टोक लिंबाच्या बुंध्याला बांधलं, सालीला घासू नये म्हणून खाली गोणपाट घालून. अर्पिताला ब्रेक अर्धा दाबून धरायला सांगितलं आणि मोटर चालू केली. गाडी लिंबाकडं इंच इंच सरकू लागली. धुळाजी वाकून एकेक वेढा हातानं शेजारी शेजारी बसवत होते. गाडी झाडाला टेकायच्या आत त्यांनी मोटर थांबवली, गाठ सोडली, आकडा बंपरला अडकवला.

"बराबर झालं," ते म्हणाले. "ओली झाली तर वाळवून मंगच गुंडाळा."

अर्पिता जयवंताबाईंच्या पाया पडली. गाडी फाटकातून निघाली, अंबडच्या रस्त्याला लागली. जयवंताबाई तिच्याकडं बघत होत्या, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. धुळाजी लिंबाखाली उभे होते. तिथं तेलाचा एक काळा डाग उरला होता.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी धुळाजी उठले तर ओसरीतली खुर्ची रिकामी होती. जयवंताबाई काठी टेकत अंगणात उतरल्या होत्या. एकट्याच. जिथं गाडी उभी असायची तिथून त्या सावकाश, डावा पाय ओढत, फाटकापर्यंत गेल्या, फाटकाची कडी उघडून बघितली, पुन्हा लावली आणि परत आल्या. दुसऱ्या दिवशीही गेल्या. आता रोज जातात. डॉक्टर खूश आहेत.

धुळाजींनीही खूश असायला हवं, आणि ते आहेत. ज्याची भीती होती ते घडलंच नाही. गाडी गेल्यानं बायको खचली नाही, उलट उठून चालायला लागली. पण तेव्हापासून त्यांना झोप येत नाही.

हल्ली त्यांना लडाखमधली एक दुपार सारखी आठवते. हानलेच्या अलीकडं त्यांना मेंढपाळ भेटले होते. काळे तंबू, शेकडो मेंढ्या. जयवंताबाई गाडीतून उतरल्या आणि सरळ कळपात शिरल्या. एका लंगडणाऱ्या मेंढीचा खूर उलटा करून बघितला, सडलेला भाग तिथल्या बाईला दाखवला. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी दोघी बराच वेळ तंबूबाहेर बसल्या. धुळाजींना वाटलं, बायकोला माहेर भेटलं. मग त्या बाईनं हातानं विचारलं, तुम्ही कुठले? जयवंताबाईंनी बोटानं धुळीत एक चौकोन काढला. त्याला दार काढलं. दाराला कडी काढली. शेजारी झाड काढलं. बाई समजून हसली, तरी जयवंताबाई चित्र काढतच राहिल्या. चूल काढली, रांजण काढला, खुंट्या काढल्या. धुळाजी गाडीतून हॉर्न वाजवत होते, कारण पुढचा मुक्काम लांब होता.

"मला वाटलं, चित्र काढण्यात दंग झाली," ते म्हणतात.

बायकोला त्यांनी विचारून पाहिलं. "दावण मोकळीच ऱ्हाऊ द्या, असं का म्हणली तू?" त्या म्हणाल्या, "आता जायचं कुठं हाये, इचारून काय करता?" आणि काठी घेऊन फाटकाकडं गेल्या. रेणूला विचारलं. रेणू म्हणाली, "मला न्हाई माहीत, दादा. मायनं कधी तक्रार केली न्हाई." तक्रार केली नाही हे धुळाजींनाही माहीत आहे. दरवर्षी निघताना मिठाची बरणी जयवंताबाईंनीच भरली, गोधड्या त्यांनीच चढवल्या, स्टिअरिंगही हसत हातात घेतलं.

लिंबाखाली बसून धुळाजी फाटकाकडं जाणाऱ्या बायकोच्या पाठीकडं बघत राहतात. आणि जो कोणी शेजारी येऊन बसेल त्याला विचारतात, "सात वर्षं म्या तिला न्हेलं. पण मला खरं सांगा, निघायचं का म्हणून म्या तिला एकदा तरी इचारलं होतं का?"