इंदुताईंची अठ्ठावीसची सायकल

त्र्याऐंशी साली अहेरीकडच्या उपकेंद्रातल्या नर्स इंदुताईंना सायकल घ्यायची होती, आणि ज्यांना तिच्यावरून कुठेच जायचं नव्हतं ते सगळे सल्ला द्यायला पुढे. सर्वांत पुढे नवरा हरिदास.

"सव्वीस इंची चाकं म्हंजे पोट्ट्याईचा खेळ. अठ्ठावीसचं चाक एका फेऱ्यात दूर जाते, गाडरस्त्याच्या चाकोरीत फसत नाई."

हरिदास ताडमाड उंच, इंदुताई त्याच्या खांद्यालाही लागत नव्हत्या. पण घरात सायकल एकच येणार, तर ती पुरुषाच्या मापाची, हा आपल्याकडचा कायदाच. दांडा नसलेली घेतली, एवढंच काय ते बाईमाणसाचं राखलं. सायकल झकास पळायची; फक्त चढायला दगड लागायचा. मध्येच उतरलं की पुढच्या दगडापर्यंत ढकला.

जंगलातल्या टोल्यावर, म्हणजे दहा-बारा झोपड्यांच्या वस्तीत, सोमारी नावाच्या बाईची आधीची दोन मुलं जन्मल्यापासून आठवड्याच्या आत धनुर्वाताने गेली होती. नाळ विळ्याने कापायची रीत. या खेपेला इंदुताईंनी तिच्या सासूला बजावलं होतं, मी आल्याशिवाय नाळ कापायची नाही. म्हातारीने कधी नव्हे ते ऐकलं होतं.

सोमारीला कळा सुरू झाल्याचा निरोप आला तशा इंदुताई निघाल्या. नाल्याच्या रेतीत उतरावं लागलं. पलीकडे रस्ता सपाट, दगड औषधालाही नाही. वारुळावर पाय ठेवला तर ते ढासळलं आणि पेडल नडगीवर बसलं. हरिदासच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्यांनी ते लोढणं धावत ढकललं.

पोहोचल्या तेव्हा मूल कधीचं जन्मलं होतं. नाळ तशीच, आईला जोडलेली. विळा दूर सारून सासू नुसती बसलेली. इंदुताईंनी उकळलेल्या पात्याने नाळ कापली.

"लय वाट पाह्यली बाई," म्हातारी म्हणाली. "सायकल कोनाची आनली?"

"माहीच हाय."

"मंग ढकलत काऊन आनली?"

इंदुताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवडा उलटला, बाळ दूध ओढत होतं. तेव्हा कुठे त्या बाजाराला गेल्या आणि अठ्ठावीसची देऊन सव्वीसची घेऊन आल्या. हरिदास तिच्याभोवती फिरून फिरून कुरकुरला, "याच्यावर मले बसता नाई येनार."

"तुमाले कुठी नाळ कापाले जाचं हाय?" इंदुताई म्हणाल्या.