जुनं मशीन हलवताना

आमच्या ऑफिसात चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "तो कुत्र्याचा किस्सा सांग ना!" मग एकाला दुसरा लागतो आणि कपातला चहा गार होतो.

काम तसं रुक्ष आहे. नाशिकच्या आसपासच्या बऱ्याच कंपन्यांत जुनी मिडरेंज मशीन्स आहेत. फ्रिजएवढी, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दाखवणारी, वर्षानुवर्षं बंद न पडणारी. त्यांच्यावरचा सगळा कारभार उचलून नव्या सर्व्हरवर ठेवायचा, हा आमचा धंदा. आम्ही तिघं: टीमचे प्रमुख साळवे सर, प्रोग्रॅमर अफरोज आणि मी. मशीन हलवायला महिने लागतात. किस्से मात्र आपोआप साठतात.

*

तर कुत्रा.

देवळ्याला ठिबकचं सामान पुरवणारी एक एजन्सी होती. त्यांच्या गिऱ्हाइकांच्या यादीत पत्त्याच्या तिसऱ्या ओळीत काहीबाही लिहिलेलं. कुठं "कुत्रा", कुठं "कुत्रा मोठा", कुठं "मागून जा". मला वाटलं, कचरा डेटा. मी सगळा साफ केला आणि तसा रिपोर्टही दिला, अभिमानानं!

आठवड्याभरानं त्यांचा डिलिव्हरीचा ड्रायव्हर माझ्या टेबलासमोर उभा. पोटरीला पट्टी.

"मॅडम, कॉम्प्युटरमधला कुत्रा तुम्ही काढला. गेटवरचा तठेच शे!"

इंजेक्शनं घेतली का, एवढंच मला विचारता आलं.

*

अंबडच्या एका कंपनीत डिस्पॅचला शेवाळेताई होत्या. जुन्या स्क्रीनवर त्या खिडकीबाहेर बघत, शेजारणीशी बोलत एंट्र्या मारायच्या. आम्ही त्यांना माउसवाली रंगीत स्क्रीन दिली. कामाचा वेग निम्म्यावर आला.

अफरोज समजवायला गेला, "ताई, स्क्रीनकडे बघून क्लिक करा ना."

"बघितलं की चुका होतात!" ताई म्हणाल्या.

शेवटी नव्या स्क्रीनला जुनी बटणं जोडून दिली. माउस अजून ड्रॉवरमध्ये आहे, प्लॅस्टिकसकट.

*

सातपूरच्या एका स्टोअरमध्ये तातडीच्या ऑर्डरींचे नंबर अक्षरानं सुरू व्हायचे, साध्या ऑर्डरींचे आकड्यानं. जुनं मशीन यादी लावताना अक्षरं आधी घेतं, आकडे नंतर. नवा सर्व्हर नेमकं उलटं करतो. हे आम्हाला ठाऊक होतं, पण त्या एका यादीत तपासायचं राहिलं.

चार दिवस साधा माल धडाधड बाहेर, आणि तातडीचा सगळा रॅकवर! साळवे सरांनी स्टोअरकीपरला विचारलं, "तुमच्या लक्षात नाही आलं?"

तो शांतपणे म्हणाला, "मला यादी वरून खाली वाचायला सांगितलंय. वरखाली तुम्ही केलं."

*

एका मालकांनी जुन्या मशीनला रीतसर निरोप दिला. हार घातला, स्टाफला पेढे वाटले. सहा महिन्यांत नव्या सर्व्हरवर त्यांचा महिनाअखेरचा हिशेब काही केल्या वेळेत होईना. शेवटी आम्हालाच बोलावलं, परत मिडरेंजवर न्या म्हणून. जुनं मशीन भंगारात गेलेलं, त्याच जातीचं नवं आणलं. पूजेला मालक स्वतः हजर.

त्यांचा अकाउंटंट माझ्या कानात म्हणाला, "ज्याला नारळ दिला, त्याच्याचसमोर आता फोडतोय!"

*

आणि सिन्नरची फाउंड्री.

तिथं कामगारांचा ड्युटी चार्ट जुन्या मशीनवरच निघायचा. भट्टीवरची पाळी सगळ्यांना आळीपाळीनं. प्रोग्रॅम नव्यानं लिहिताना अफरोजला एक ओळ सापडली: कामगार नंबर २१४ असेल, तर भट्टी सोडून पुढं जा. कारण दिलेलं नाही. कंपनीत विचारलं, कुणाला माहीत नाही. कधीतरीची तात्पुरती सोय असेल, असं समजून आम्ही ती ओळ गाळली.

नवा पहिला चार्ट लागला त्या दुपारी २१४ नंबर दारात आला. पोपटराव सांगळे. पन्नाशी उलटलेले, हातात चार्टची घडी. भांडले नाहीत.

"जाईन मी भट्टीवर. फक्त विचारायला आलो, आता कायम लागणार का?"

साळवे सरांनी त्यांना खुर्ची दिली. बसल्यावर पोपटराव बोलायला लागले.

"थोरला भाऊ तिथंच गेला, साहेब. धातू सांडला अंगावर. त्याच्या जागेवर मला घेतलं. तिथं उभं राहायचं म्हटलं की पाय उचलत नाय. पण बोललो नाय कुणाला. दर साली वणीला पायी जातो, देवीला सांगतो, माझी पाळी येऊ देऊ नको. इतकी वर्षं आली नाय." त्यांनी घडी उलगडून परत घातली. "यंदा गुडघ्यामुळं जाता आलं नाय."

मग अफरोजनं कीबोर्ड पुढं ओढला आणि ती ओळ परत घातली. साळवे सरांनी नवा चार्ट काढून त्यांच्या हातात दिला. "सिस्टीमची चूक होती," म्हणाले.

पुढच्या महिन्यात पोपटराव प्रसाद घेऊन आले. तिघांच्या हातावर पेढा ठेवला. "जीपनं गेलो, तरी आईनं ऐकलं!"

ते गेल्यावर मला राहवेना. जुना प्रोग्रॅम लिहिणारे बागूल सर निवृत्त होऊन सटाण्याला असतात. त्यांचा नंबर मिळवला, फोन केला, सगळं सांगितलं. त्यांनी उलट विचारलं,

"सांगळेंना सांगितलंत का, भावाचं कळल्यावर ती ओळ मी घातली होती म्हणून?"

"नाही सर."

"मग ओळीशेजारी कारण लिहू नका. मीही लिहिलं नव्हतं."