वच्छलाबाईंचा उपास

बळीरामभाऊंना लकवा झाला तेव्हा ते दुर्गजवळच्या पोलादाच्या प्लांटमधून रिटायर होऊन फार दिवस झाले नव्हते. सगळी नोकरी त्यांनी क्रेनवर काढली. छताखालून धावणाऱ्या केबिनमध्ये बसायचं आणि खाली माल बांधणाऱ्या खलाशाने हात केला की तापलेलं लोखंड उचलून पलीकडे ठेवायचं. कामगारांच्या कॅम्प-1 वस्तीत त्यांच्या आणि आमच्या घराची मधली भिंत एकच. त्यामुळे भाऊ आणि त्यांच्या बायको वच्छलाबाई यांच्याकडे काय चाललं आहे ते मला कधी विचारावं लागलं नाही.

दवाखान्यात वॉर्डातली माणसं भाऊंना उचलायची, पुसायची, कपडे बदलायची. एकदा पडदा न ओढताच त्यांनी लुंगी सोडली. समोरच्या खाटेजवळ बसलेल्या बाईने तोंड फिरवलं. त्या दिवशी भाऊ हुंदके देऊन रडले. उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं, धड बोलता येत नव्हतं. मोठ्या मुश्किलीने एकच शब्द निघाला, “तूच.”

वच्छलाबाईंनी त्यांच्या छातीवर हात ठेवला. “हाव, मीच करीन. माह्या हातात जोर हाय तोवर तुमाले दुसऱ्याचा हात लागू देणार नाई.”

मी तिथेच उभी होते. बाईचा शब्द म्हणजे शब्द, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मुलगा पराग पुण्याला. तो फोनवर म्हणायचा, “आई, मी माणूस लावून देतो ना. तुम कब तक उठाओगी?”

“जमते तोवर उठवीन. तुह्या बापाले लाज हाय अजून.”

उचलण्याची त्यांची एक रीत ठरली होती. जुन्या सुती लुगड्याची चौपदरी घडी करून बाई ती भाऊंच्या कमरेभोवती गुंडाळायच्या आणि दोन्ही टोकं मुठीत धरायच्या. भाऊ चांगला हात त्यांच्या गळ्यात टाकायचे. क्रेनने माल, म्हणजे लोड, उचलताना जो दोर बांधतात त्याला स्लिंग म्हणतात, म्हणून त्या लुगड्याचं नावही स्लिंग पडलं. पलंगावरून खुर्चीवर, खुर्चीवरून मोरीत, मोरीतून परत पलंगावर. दर खेपेला भाऊ वाकड्या तोंडाने म्हणायचे, “हळू. लोड झुलते.”

“झुलू द्या. क्रेनवाली नवी हाय,” बाई म्हणायच्या.

भिंतीपलीकडून मला दोघांचं हसू ऐकू यायचं. त्या घरात तेवढंच हसू उरलं होतं.

बाईंचा देह स्थूल. गुडघे आधीच दुखायचे, आता सुजायला लागले. भाऊंचा व्यायाम घ्यायला करिष्मा नावाची मुलगी यायची, जवळच्या अहिवारा गावची, फिजिओथेरपी शिकलेली. एक दिवस तिने बाईंनाच खुर्चीवर बसवून गुडघे दाबून बघितले.

“आंटी, वजन कम करना पड़ेगा. नहीं तो घुटने जाएँगे. लेकिन ताकत नहीं जानी चाहिए, अंकल को उठाना है ना.”

मग तिने सगळं समजावलं. संध्याकाळी लवकर जेवायचं, ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फक्त पाणी. याला फास्टिंग म्हणतात. सोबत व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलायच्या, भिंतीला टेकून जोर मारायचे. आणि दुपार ते संध्याकाळ पोटभर डाळ, अंडी, पनीर, सोयाबीन. चरबी जाईल आणि मांस राहील, ती म्हणाली.

बाई सगळ्याला “हाव, हाव” म्हणाल्या. पोरगी गेल्यावर मात्र माझ्याकडे बघून हसल्या.

“पोरगी चांगली हाय वं. पण तिले उपास कुठं समजते? उपासाले दाळ न् अंडे सांगून राहिली.”

मलाही हसू आलं. आमच्याकडे उपास म्हणजे उपास. त्या दिवशी जे काही खायचं तो फराळ, आणि फराळाला डाळ चालत नाही. नुसतं उपाशी राहून पुन्हा पोळी-वरणावर ताव मारायचा, याला कोण उपास म्हणेल? दुसऱ्या दिवशी आषाढी होती. बाईंनी देवापुढे बसून हातावर पाणी सोडलं. यांना उचलायची ताकद दे म्हणून देवउठनी एकादशीपर्यंत रोज उपास करीन, असा संकल्प केला. म्हणजे अख्खा चातुर्मास.

दुपारपर्यंत पाणी, मग वाटीभर साबुदाणा नाहीतर भगर, संध्याकाळी एखादा उकडलेला बटाटा. शेंगदाण्याने पित्त व्हायचं म्हणून दाणे गाळले. दूध यायचं ते भाऊंना. व्यायाम मात्र नेमाने चालायचा. सकाळी भिंतीवर त्यांचे तळवे थाप-थाप वाजायचे. भाऊ पलंगावरून मोजायचे आणि मुद्दाम चुकवायचे.

वजन भराभर उतरलं. गुरुवारच्या आरतीला बाई आल्या की बाया त्यांच्याभोवती गोळा व्हायच्या.

“काय वं वच्छला, पोरीसारखी दिसून राहिली. आमाले बी सांग ना.”

“देवाचं नाव घ्या न् साबुदाणा खा,” बाई म्हणायच्या. गुडघेही खरंच हलके झाले होते. देव पावला, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही.

गणपती उठल्यावर कधीतरी त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. सकाळच्या थापा मंद झाल्या, मधेच थांबायच्या. करिष्माने त्यांचा दंड बोटांत धरला आणि म्हणाली, “मेरा हाथ दबाओ, आंटी. जोर से.” बाईंनी दाबला. पोरीचा चेहरा उतरला.

“दाल खा रहे हो ना?”

“उपासाले दाळ चालत नाई, बेटा.”

“आंटी, ये वो वाला उपवास नहीं है. मांस गल रहा है आपका.”

“उपास थो उपासच असते. देवापुढं पाणी सोडलं. आता मोडू काय? यायच्यासाठी धरला, न् यायच्यावरच उलटला तर?”

करिष्माने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “बाई, देवाला खरं कारण सांगून डाळ खाल्ली तर देव रागावणार नाही.”

“देव नाई रागावणार,” त्या म्हणाल्या. “पण माह्या मनात राहीन ना.”

पलंगावरून भाऊ म्हणाले, “खा.” स्पष्ट म्हणाले. बाईंनी त्यांची चादर नीट केली. “देवउठनीले खाईन. आता किती दिवस रायले?”

दसरा होऊन गेला होता. सकाळी मी पोहे निवडत होते. भिंतीपलीकडून नेहमीचं ऐकू आलं, “हळू. लोड—” आणि पुढचे शब्द आलेच नाहीत. काहीतरी जड वस्तू पडल्याचा आवाज आला.

मी धावत गेले. भाऊ मोरीच्या उंबऱ्यावर आडवे पडले होते, पाय भलतीकडे वळलेला. बाई त्यांच्याजवळ बसलेल्या आणि स्लिंगची दोन्ही टोकं अजून मुठीत. मुठी सुटल्या नव्हत्या. कोपरातून हात गेले, एवढंच त्या म्हणाल्या. गल्लीतल्या चार माणसांनी भाऊंना उचलून गाडीत घातलं. भाऊंनी तेव्हा डोळे मिटले ते दुर्गच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत उघडले नाहीत.

खुब्याचं हाड मोडलं होतं. या तब्येतीत ऑपरेशन झेपणार नाही म्हणून घरी पाठवलं. त्या संध्याकाळी मी मुगाच्या डाळीची खिचडी करून बाईंपुढे ठेवली. नैवेद्य दाखवून खाल्लं तर उपास सोडला म्हणतात, आणि चुकून खाल्लं तर मोडला. बाईंनी दोन्हीपैकी काही केलं नाही. ताट ओढलं आणि खाल्लं.

हात धुऊन आल्यावर त्यांनी मला विचारलं, “उपास तं मी नीट केला ना? एक बी दिवस चुकली नाई.”

खरंच चुकल्या नव्हत्या.

परागने येऊन माणूस लावला. भैयालाल नाव त्याचं, मूळचा खेड्यातला, स्वभावाने गरीब. खोलीचा पडदा ओढूनच तो भाऊंना हात लावायचा. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्याने उचललं की भाऊ डोळे मिटायचे आणि तोंडातून शब्द काढायचे नाहीत. हळूही नाही, लोडही नाही. बाई दाराशी उभ्या राहायच्या. रोज त्या वरण प्यायच्या, आणि ज्या चुलीला कधी अंडं शिवलं नव्हतं ती सोडून अंगणात स्टोव्हवर अंडी उकडायच्या. डोळे मिटून गिळायच्या. भिंतीवर थापा पुन्हा सुरू झाल्या. पण मोजायला कोणी नव्हतं.

गेलेलं मांस इतक्या लवकर भरत नाही. देवउठनीच्या आधीच भाऊंची छाती कफाने भरली आणि ते गेले.

अंगणात तिरडी बांधून झाली. माणसं खोलीत शिरली तेव्हा बाई घडी केलेली स्लिंग घेऊन पलंगाशी उभ्या होत्या.

“एक डाव मले उचलू द्या.”

पराग म्हणाला, “आई, बाजूला हो. हम लोग हैं ना.”

भैयालाल मागून त्याच्या छत्तीसगढीत म्हणाला, “दाई ला उठावन देव, भैया.” दाई म्हणजे आई; तिला उचलू द्या, असं तो सांगत होता.

बाईंनी लुगडं भाऊंच्या कमरेखालून सरकवलं, टोकं मुठीत घेतली, करिष्माने शिकवलं तसे गुडघे वाकवले. जोर लावला. देह जागचा हलला नाही. भैयालाल पुढे झाला आणि त्याने पाठीखाली हात घातला, तेव्हा भाऊ पलंगावरून सुटले.

बाई क्षणभर तशाच थांबल्या, ऐकत असल्यासारख्या. मग स्वतःच म्हणाल्या, “हळू. लोड झुलते.”

भैयालालने मान हलवली आणि सगळं वजन आपल्याकडे घेतलं.